गाडी ठोठावते

० अंश

मिस्त्रीने चौथ्या साखळीचा आकडा ट्रॅक्टरच्या मागच्या नळीला अडकवला, चार कड्यांची ढील सोडली आणि साखळी एकदा खेचून पाहिली.

"ढील जास्त होतेय," मॅडम म्हणाल्या.

"पडायला जागा नको का?"

"पडायला नाही. कलायला. पडू आपण देणारच नाही."

त्याने दोन कड्या कमी केल्या.

मॅडम या तपासणी केंद्रात ट्रॅक्टरचा तोल मोजायच्या. शेडच्या मध्यभागी खोलीएवढा लोखंडी चौथरा होता. सगळे त्याला टेबल म्हणत. एका कडेला बिजागऱ्या, दुसऱ्या कडेखाली दोन पंप. ट्रॅक्टर त्यावर आडवा उभा करायचा, खालच्या चाकांना पट्टीचा टेकू द्यायचा आणि वरची कड हळूहळू उचलत न्यायची. कितव्या अंशाला कुठलं चाक टेबल सोडतं ते लिहायचं. टेकडी उचलून ट्रॅक्टरखाली आणायची, एवढंच.

नऊ दिवसांपूर्वी खऱ्या टेकडीवर, फळबागेत गवत कापताना, हाच ट्रॅक्टर कुशीवर कोसळला होता. खालच्या झाडाने त्याला अडवलं. चालवत होता मिस्त्रीचा थोरला भाऊ. तो जगला. उजवा पाय तीन ठिकाणी मोडला; डॉक्टर म्हणाले, पाय जाग्यावर आहे यातच सगळं आलं. बागेच्या मालकांना आता कागदावर हवं होतं, दोष यंत्राचा की चालवणाऱ्याचा. आणि केंद्राचा नियम असा की पुढच्या एक्सलला शेवटचा हात ज्याने लावला, तो हजर पाहिजे. तो हात मिस्त्रीचा होता.

'घटना कशी घडली, चालकाच्या शब्दांत' या रकान्यात थोरल्याने दोन वाक्यं लिहून दिली होती. मॅडमनी ती वाचून दाखवली.

"चूक माझी आहे. ट्रॅक्टरात दोष नाही."

"एवढंच?"

"एवढंच. आणि सही."

भिंतीपाशी वहिनी उभी होती. थोरल्याची बायको. खांद्याला पिशवी, हातात दवाखान्यात न्यायचा डबा.

"घरचं कुणीतरी लागतं म्हणाले," कुणी न विचारताच ती म्हणाली. "डबा गार व्हायच्या आत सोडा म्हणजे झालं."

६ अंश

पंप घुरघुरला. खटक्यापाशी बसलेल्या माणसाला सगळे सुई म्हणत. दोन खुर्च्या लागतील असलं अंग पाहून कुणीतरी ठेवलेलं नाव.

"मिस्त्री, ट्रॅक्टरला पाय किती?"

"चार."

"फसलात. तीन. मागची दोन चाकं आणि पुढची मधली पिन. पुढचा एक्सल त्या पिनेवर नुसता झुलतो, तराजूच्या दांडीसारखा. अंग कलंडायला लागलं की पुढची चाकं म्हणतात, आम्ही नाही त्यातले."

"हे मला शिकवता?"

"तुम्हाला नाही हो, वहिनींना सांगतोय. आमच्या सासऱ्यांसारखं असतं ते. माणूस दोन पायांचा दिसतो, उभा मात्र सासूबाईंच्या जोरावर."

वहिनीच्या ओठांचा एक कोपरा हलला. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

"मग चौथा पाय येतो कधी?"

"येतो ना. अंग फार कललं की सांगाड्याखालचा ठोकळा एक्सलवर आदळतो. ठक! झुलणं संपलं, एक्सल जाम. तेव्हा कुठे पुढचं चाक भार घ्यायला लागतं." सुईने खटका थोडा पुढे सरकवला. "ती ठक वाजली की मी पंप थांबवतो. काट्याकडे बघावंही लागत नाही. पंचवीस वर्षं त्या आवाजावर पोट चाललंय."

मिस्त्रीचा हात साखळीवर होता. तो तिथेच राहिला.

१५ अंश

मुठीएवढे दोन ठोकळे. मार खाऊन खाऊन कडा छत्रीसारख्या वळलेल्या.

तीन महिन्यांपूर्वी पिनेभोवतीचा बुश झिजला म्हणून थोरल्याने ट्रॅक्टर गॅरेजात आणून सोडला होता. एक्सल उतरवल्यावर ते दिसले. मिस्त्रीला नवल वाटलं नाही. त्याची सगळी गिऱ्हाइकं सपाटीवरची, आणि सगळ्यांची तक्रार तीच: खड्ड्यातून गेलं की पुढून खाडकन वाजतं. तो ठोकळे गॅसने कापून टाकायचा, ग्राइंडर फिरवायचा, वर रंग मारायचा. एक्सल मोकळा झुलायचा, चारही चाकं जमिनीला चिकटून राहायची, आवाज बंद. कंपनीला जे सुचलं नाही ते आपल्याला सुचलं, असं त्याला वाटायचं. कुणी कौतुक केलं की तो हात पुसत राहायचा.

दादाला त्याने सांगितलं नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. भेट होती ती. बुशचं काम दादाने सांगितलेलं; ठोकळे आणि सीटवरची नवी जाड गादी, ही त्याची स्वतःची भर.

दादाने डांबरी रस्त्यावर एक फेरी मारली होती.

"पाण्यावरून चालल्यासारखी चालतेय रे, बारक्या. काय केलंस?"

"ते गुपित. तू चालव."

बेचाळिशी उलटली तरी दादासाठी तो बारक्याच. दादाने त्याच्या पाठीत एक धपका घातला होता.

गॅरेज सपाटीवर, घर सपाटीवर, मधला रस्ताही सपाट. मिस्त्रीने जन्मात कधी उतारावर ट्रॅक्टर चालवला नव्हता.

२२ अंश

"थांबवा," असं म्हणायचं. एवढंच. मग पंप थांबेल, मग मॅडम विचारतील का, मग

सीटखालून काहीतरी निसटलं, पत्र्यावरून घरंगळत खणखणत गेलं आणि पट्टीला आपटून थांबलं. चौघंही दचकली.

बारा-तेराचा पाना होता. मुठीपाशी निळी चिकटपट्टी.

"हा माझा," मिस्त्री म्हणाला. "तीन महिने शोधतोय."

"त्यांनी ढापला असणार," वहिनी म्हणाली. "लहानपणी तुमच्या गोट्या ढापायचे, तुम्हीच सांगता ना."

सुई पोट हलवून हसला. मॅडमसुद्धा हसल्या. मिस्त्रीने पाना उचलला, चड्डीतल्या मुलासारखा पाठीमागे धरला. "थांबवा" म्हणायची वेळ तेवढ्यात निघून गेली, किंवा त्याने जाऊ दिली.

२८ अंश

आता टेबलाकडे बघताना मानही तिरकी होत होती. ट्रॅक्टर भिंतीवरच्या चित्रासारखा टांगलेला. चेपलेलं बॉनेट, वाकलेलं स्टिअरिंग, चाकाच्या खाचेत झाडाची साल.

"हल्ली फार मोठ्याने बोलतात," वहिनी मध्येच म्हणाली. "पडल्यापासून. अख्खा वॉर्ड ऐकतो. मी म्हटलं, अहो, मी काही बहिरी नाही. तर एकदम गप्पच झाले. डॉक्टरांनी डोकं तपासलं, म्हणे काही नाही."

"धक्का बसला असेल."

"असेल. भाऊजी, तुम्ही का घामाघूम झालाय?"

३१ अंश

चढाकडचं मागचं चाक सुटलं. रबर आणि लोखंड यांच्यामध्ये उजेडाची एक रेघ आली. रेघेची फट झाली.

सुईने खटक्यावर हात ठेवून कान दिला.

 

 

आवाज आलाच नाही. ट्रॅक्टर झोपेत कूस बदलावी तसा कलत गेला, कलतच गेला, वरची चाकं हवेत, आणि चारही साखळ्या एकदम ताठ झाल्या तेव्हा शेडच्या पत्र्यावरची पाखरं उडाली.

साखळी

"ठक कुठे गेली?" सुई उभा राहिला होता. "मॅडम, ठक कुठे गेली? हा थेट गेला!"

मॅडमनी हात वर करून त्याला गप्प केलं. टेबल खाली आलं. त्या पुढच्या चाकांमध्ये पाठीवर सरपटत गेल्या. बाहेर फक्त त्यांचे बूट दिसत होते आणि आतून हलणारा विजेरीचा उजेड.

"इथे ठोकळे असतात," आतून आवाज आला. "दोन्हीकडचे साफ आहेत. वर रंग दिलाय." मग जरा वेळाने, "छान दिलाय."

मिस्त्रीने वहिनीकडे पाहिलं नाही.

"मी कापले."

उजेड हलायचा थांबला.

"कशासाठी?"

"वाजत होते म्हणून."

मॅडम बाहेर आल्या. केसांना ग्रीस लागलं होतं. त्या ओरडतील असं त्याला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणखी कुणाचे कापलेत?"

"सहाजणांचे. सगळे सपाटीवरचे."

"सपाटीवर कालव्याचा बांध नसतो?"

त्याने हातातला पाना खिशात सरकवला.

"नावं द्या. आज." त्यांनी फळीवरचा कागद ओढला. "ठोकळे असते तर ट्रॅक्टर पडला नसता, असं मी लिहिणार नाही. कधी ते गाडी धरतात, कधी नाही धरत. मी एवढंच लिहीन की नव्हते."

"धरायचं राहू द्या," वहिनी म्हणाली. "सांगत तरी होते."

डबा एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"म्हणजे?" मॅडमनी विचारलं.

"ते म्हणायचे, गाडी ठोठावते. उतारावर वरचं चाक दगडावर चढलं, अंग जास्त कललं, की खालून ठोठावते. दारावर कुणी आल्यासारखी. ठोठावली की लगेच नाक उताराकडे करायचं, खाली उतरायचं, नव्याने यायचं. बावीस वर्षं त्या टेकडीवर असंच गवत कापलंय त्यांनी. मी विचारायची, भीती नाही वाटत? तर म्हणायचे, ती आहे ना ठोठावायला."

सुई खाली बसला. खुर्ची करकरली, आणि त्या आवाजाचीही त्याला लाज वाटल्यासारखी दिसली.

"मला कधी बोलला नाही तो," मिस्त्री म्हणाला.

"यात बोलायचं काय? श्वास कसा घेतो ते सांगतो का कुणी?"

मिस्त्रीने टेबलाची कड धरली. चूक माझी आहे. ट्रॅक्टरात दोष नाही. आता त्या दोन वाक्यांचा अर्थ त्याला लागला. दादाला सगळं कळलं होतं. झाडाला टेकलेल्या ट्रॅक्टरखाली पडल्या पडल्या त्याला ती दोन साफ जागा दिसल्या असणार, वरचा रंग ओळखू आला असणार. लहानपणी फुटलेल्या काचा दादा अशाच स्वतःच्या नावावर घ्यायचा.

"तो मला वाचवतोय," तो म्हणाला.

वहिनीने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"जबाब सोमवारपर्यंत बदलता येईल," मॅडम म्हणाल्या. "माझा अहवाल मी देईन. पण चालक स्वतःच चूक म्हणतोय म्हटल्यावर मालक पुढचं वाचणार नाहीत. तुमच्या भावाला पुन्हा कुणी चाकावर बसवणार नाही."

बाहेर आल्यावर वहिनीने पिशवीचा पट्टा नीट केला.

"मी नाही सांगणार त्यांना, भाऊजी. तुम्ही सांगा."

भंगार

गॅरेजच्या मागच्या पिंपात हात कोपरापर्यंत घालावा लागला. तुटके बोल्ट, बेअरिंगच्या गोळ्या, कापलेले ठोकळे. सगळ्या ट्रॅक्टरांचे इथेच. त्याने ते एक एक करून जमिनीवर मांडले. चौदा निघाले. बारा ठोकळ्यांच्या कडा जवळजवळ कोऱ्या होत्या. फक्त दोनच छत्रीसारखे वळलेले.

त्या दोघांकडे तो बघत बसला. बारा जेमतेम कधी वाजलेले. हे दोन बावीस वर्षं.

दारात वहिनी उभी होती. डबा केव्हाच गार झाला असेल, पण ती तसं म्हणाली नाही.

पुन्हा ०

थोरला सपाट पडला होता. पायाला वजन बांधलेलं, चादर हनुवटीपर्यंत.

"ये रे, बारक्या!" तो गरजला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले. "काय म्हणतं तुमचं टेबल?"

वहिनी डबा गरम करून आणते म्हणून परत दाराबाहेर गेली. मिस्त्री स्टुलावर बसला. तो बोलला ते त्याचं त्यालाच जेमतेम ऐकू आलं.

"दादा, तू तसं का लिहून दिलंस?"

"काय खोटं लिहिलं?"

"माझ्यासाठी लिहिलंस ना?"

"तुझ्यासाठी?" थोरल्याने मान वळवली. त्याच्या कपाळावर खरंखुरं कोडं होतं. "तुझा काय संबंध?"

मिस्त्रीने त्याच्या डोळ्यांत शोधलं. तिथे काचा फुटल्याच्या दिवसाचं काही नव्हतं.

थोरल्याने दाराकडे पाहिलं. मग हाताने त्याला जवळ बोलावलं, आणि कुजबुजायचं म्हणून जे बोलला ते खिडकीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"तुझ्या वहिनीला सांगू नकोस. माझे कान गेलेत."

"काय?"

"कान! गाडी ठोठावते रे, उतारावर. तुला नाही माहीत, तू सपाटीवरचा. फळांच्या पेट्यांची वाहतूक संपली, गाडी टेकडीवर चढवली, आणि पहिल्याच दिवशी ठोठावणं बंद. मला वाटलं, गवत दाट आहे म्हणून. दुसऱ्या दिवशीही नाही. बुडाला कळावं तर तुझी ती गादी. चौथ्या दिवशी वरच्या चाकाखाली हा एवढा दगड आला." त्याने दोन्ही हातांनी दगड दाखवला. "एवढ्याला ती ठोठावतेच. ठोठावली असणारच, बारक्या. मलाच ऐकू आलं नाही."

"दादा, आत्ता मी बोलतोय ते ऐकू येतंय ना तुला?" मिस्त्रीचा आवाज अजून तसाच होता, पाण्याखालून आल्यासारखा.

"हे येतंय. पण कुठलं येत नाहीये, ते मला कसं कळणार?" थोरला छताकडे बघत म्हणाला. "जे ऐकूच येत नाही त्याचा पत्ता लागतो का? म्हणून डॉक्टरला बोललो नाही. चूक झाली म्हणून घरी बसलेला माणूस चालतो रे. बहिरा म्हणून बसवलेला नको. लोक मग समोर उभं राहून तोंड वेडंवाकडं करून बोलतात. आपल्या बापाशी आपणच बोलायचो तसं."

बाहेर कुणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं फरशीवरून चिरचिरत गेली. थोरल्याची नजर आवाजामागे गेली आणि परत आली. मिस्त्रीने ते पाहिलं.

त्याने खिशात हात घातला. पाना लागला आधी. तो बाजूला केला. मग दोन्ही ठोकळे काढून थोरल्याच्या पोटावर, चादरीवर ठेवले.

"हे काय आणलंस?"

मिस्त्रीने ठोकळे बोटाने त्याच्या हाताकडे सरकवले.

थोरल्याने एक ठोकळा उचलला. अंगठा वळलेल्या कडेवरून फिरवला. उलटा केला, कापलेली बाजू आरशासारखी सपाट होती. दुसरा उचलला. तोलून पाहिला. कशाचे ते अजून त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पण हातात लोखंडाचे दोन तुकडे आले की माणूस जे करतो ते त्याने केलं.

ठक.

थोरला थबकला.

त्याने पुन्हा केलं. या वेळी हळू. मग आणखी हळू. मग नुसते टेकवले, एकमेकांना लागले न लागले असे, आणि डोळे मिटले. शेजारचा म्हातारा मान वर करून बघायला लागला होता. दारात वहिनी डबा घेऊन उभी होती. डब्यातून वाफ येत होती.

थोरल्याने डोळे उघडले तेव्हा ते भावाकडे नव्हते, ठोकळ्यांच्या त्या सपाट, चकाकणाऱ्या बाजूकडे होते.

"हे कुठून काढलेस, बारक्या?" त्याने विचारलं.

नऊ दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज हळू होता.